ओम्नीचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलंय, गोव्यात कुणाकडे द्यावं?

केरीचा_ओम्नीवाला | १२ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ओम्नी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. कागदावर माझ्या नावावर आहे, पण खरं म्हणजे आमच्या भजनी मंडळाची. पखवाज, पेटी, टाळांची पिशवी आणि वर पाच बुवा, एवढं ओझं ती पंधरा वर्षं निमूट ओढतेय.

गेल्या रविवारी बेळगावला जाताना चोर्ला घाटाच्या चढावर रेडिएटरचा खालचा होज फुटला. मुसळधार पाऊस, काचेवर वाफ, त्यात मी रस्ता बघू की तापमानाचा काटा बघू. काटा लाल रेषेच्या वर दिसला तेव्हाही वाटलं, वरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाऊ आणि मग थांबू. तीन-चार किलोमीटर तशीच ओढली. ही चूक माझी, त्याबद्दल शिव्या घालायच्या असतील तर घाला.

मेस्त्रीने हेड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधलं गॅस्केट जळलंय आणि तेल दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसतंय. तो म्हणाला, "फेस मारून आणतो, परवा गाडी घेऊन जा." म्हणजे हेडचा तळ मशीनवर कापून सपाट करणार. मी त्याला थांबवलं. आमच्याच वाड्यावर एकाने असाच दोनदा फेस मारून घेतला आणि तिसऱ्यांदा गॅस्केट गेलं, ते डोळ्यांसमोर आहे.

आता हेड पोत्यात गुंडाळून ओसरीवर ठेवलंय. म्हापशात एक, मडगावात एक आणि फोंड्याच्या बाजूला एक, अशी तीन वर्कशॉपं लोकांनी सांगितली. दुकान निवडायचं कसं? चवथीला गाडी हवीच, आरत्या आणि भजनं आहेत.

मांडवीकाठी | १२ जुलै, रात्री १०:०५

पाच बुवा आणि पखवाज घेऊन चोर्ला? हेड वाकलं नसतं तरच नवल. त्यानेही नमस्कारच केला असेल.

लेथमागचा | १२ जुलै, रात्री ११:१८

वास्कोला बोटींच्या इंजिनांवर तीस वर्षं काढली, आता घरी बसून नातवाच्या सायकली दुरुस्त करतो. थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

मेस्त्रीला थांबवलंस हे फार चांगलं केलंस. एकदा कापलेलं अ‍ॅल्युमिनियम परत चिकटवता येत नाही.

आधी झालंय काय ते समजून घे. तुझ्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. तीस सेंटिमीटरचा तुकडा घे आणि शंभर अंशांनी तापव. बीड एक तृतीयांश मिलिमीटर वाढेल, अ‍ॅल्युमिनियम दोन तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. एरवी हा फरक गॅस्केट आणि बोल्ट सांभाळून घेतात. पण पाणी संपल्यावर हेड बेसुमार तापतं, लांबीत वाढायला बघतं आणि बोल्टांनी ते जखडलेलं असतं. मग जायचं कुठे? मधोमध वर फुगतं. थंड झाल्यावरही तो बाक पूर्ण जात नाही.

आता लक्षात घे, केळ्यासारखं वाकलेलं हेड फक्त खालून वाकलेलं नसतं. वर कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा, ज्या भोकांत फिरतो, ती भोकंही त्याच बाकात गेलेली असतात. खालून फेस मारलास तर खालचा तळ सपाट होईल, वरची भोकं वाकडीच राहतील. कॅम घट्ट फिरेल, भोकं खाईल आणि एक दिवस मोडेल. तुझ्या वाड्यावरच्या माणसाचं असंच झालं असेल असं छातीवर हात ठेवून म्हणत नाही, पण शंका घ्यायला जागा आहे.

म्हणून दुकानात शिरल्यावर "फेसचे किती?" हा प्रश्न विचारूच नकोस. हेड टेबलावर ठेव आणि गप्प उभा राहा. तो माणूस आधी काय हातात घेतो ते बघ.

केरीचा_ओम्नीवाला | १३ जुलै, सकाळी ७:३०

काका, काय हातात घ्यायला हवं?

लेथमागचा | १३ जुलै, सकाळी ८:१०

स्ट्रेट एज आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती. शाळेची स्टीलची पट्टी नव्हे, घासून सरळ केलेली जाड पट्टी. ती लांबीत दोन्ही कडांना, मधून, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवायची आणि खालून गेज सरकवून बघायचं. मारुतीच्या या इंजिनाला मर्यादा ०.०५ मिमी, आमच्या भाषेत दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). मॅनिफोल्ड बसतात त्या बाजूही मोजायच्या, त्या बहुतेक जण विसरतात.

मग कॅम. या हेडमध्ये तो बाजूने सरकवून काढतात. रॉकर काढलेले असताना भोकांना तेल लावून नुसता कॅम आत सरकवायचा. दोन बोटांनी फिरला पाहिजे. मध्येच अडला तर बाक वरपर्यंत गेलाय.

आणि दुकानाच्या मागच्या बाजूला नजर टाक. तिथे वाफाळणारी टाकी असेल तर विचार, आत काय आहे. ट्रकची बिडाची हेडं कॉस्टिक सोड्यात उकळून धुतात, ते ठीक आहे. अ‍ॅल्युमिनियम त्यात टाकलं तर सोडा धातूच खातो, बुडबुडे येतात आणि हेड काळं-खरबरीत होऊन बाहेर येतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. उमेदवारीच्या दुसऱ्या महिन्यात मी स्वतः एक हेड असं टाकलं आणि जेवायला गेलो. परत आलो तेव्हा मालक टाकीपाशी उभे होते. पुढचं लिहीत नाही.

कुडचडेकरीण | १३ जुलै, दुपारी १:२२

काकांचं टाकीचं वाचून हसले, कारण आमच्या घरी अगदी तशीच टाकी होती. बाबांचं कुडचड्याला वर्कशॉप होतं. खाणी चालू होत्या तेव्हा खनिजाच्या ट्रकांची रांग दारात. २०१२ मध्ये खाणकाम थांबलं, मग थोडं सुरू झालं, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ८८ लीज गेल्यावर तर उरलेले ट्रकही अंगणात गंजत बसले. बाबांनी बोरिंगचं मशीन विकलं तो दिवस आठवतो.

हे इथे लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्याकडची बरीच जुनी वर्कशॉपं ट्रकवर आणि ट्रॉलरवर वाढली. त्या लोकांचा हात पक्का, पण सवय बिडाची. बिडाचं हेड दणकट, एखादा फेस जास्त मारला तरी चालून जातं. ज्या हाताने ट्रकच्या हेडचं गाईड, म्हणजे वॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी, हातोड्याने थंडच ठोकून काढायचं, त्याच हाताने अ‍ॅल्युमिनियमचं काढलं तर भोक ओरबाडलं जातं. बाबा शेवटच्या काही वर्षांत गाड्यांची हेडं घ्यायला लागले तेव्हा त्यांनी ही सवय मुद्दाम मोडली. हेड आधी शंभर अंशांच्या आसपास सगळीकडून सारखं गरम करायचं, मगच गाईडला हात. गॅसची ज्योत एकाच जागी धरलेली त्यांना चालायची नाही.

तेव्हा "किती वर्षांचा अनुभव" यापेक्षा "गेल्या महिन्यात गाड्यांची अ‍ॅल्युमिनियमची हेडं किती केली" हे विचारा. दुकानात कोपऱ्यात झालेली कामं पडलेली असतातच, ती बघायला मागा. दाखवायला कुणी नाही म्हणत नाही. म्हटलं तर तेही उत्तरच.

बांद्याचा_बाबू | १३ जुलै, सायंकाळी ६:४८

गोव्यात कशाला शोधताय? कोल्हापूरला पाठवा, उद्यमनगरात. ओतकाम आणि मशिनिंग त्यांच्या रक्तात आहे. आंबोलीमार्गे सकाळी निघालं की दुपारी पोचतं. माझ्या झेनचं काम तिथेच केलं, चार वर्षं झाली.

लेथमागचा | १३ जुलै, रात्री ९:०२

कोल्हापूरबद्दल वादच नाही, बेळगावही तसंच. पण बाबू, पार्सलने पाठवलेल्या हेडवर काय काय केलं ते आपल्याला फोनवरच कळतं. समोर उभं राहून विचारता येत नाही. जवळचा बरा मिळाला तर तो घ्यावा, नाहीतर कोल्हापूर आहेच.

दाणादाण | १३ जुलै, रात्री ११:३०

एवढा काथ्याकूट कशाला? ओम्नीची हेडं भंगारात ढिगाने मिळतात. जुनं हेड आणा, गॅस्केट टाका, बोल्ट आवळा, चला. मशीन शॉपच्या बिलात दोन हेडं येतील.

कुडचडेकरीण | १४ जुलै, सकाळी ९:१५

आणि भंगारात गेलेली गाडी भंगारात का गेली असेल हो? निम्म्यांचं तरी इंजिन तापलेलंच असणार. तुमचं वाकलेलं हेड काढून दुसऱ्याचं वाकलेलं बसवायचं. जुनं हेड आणलं तरी ते मोजावं लागतंच.

दाणादाण | १४ जुलै, सकाळी ९:४०

मी चार बसवलीत, एकालाही काही झालं नाही.

मांडवीकाठी | १४ जुलै, सकाळी ९:४४

चौघांचे फोन नंबर बदलले असतील.

केरीचा_ओम्नीवाला | १९ जुलै, रात्री १०:१२

हेड घेऊन तिन्ही ठिकाणी फिरून आलो. वृत्तांत देतो.

पहिलं दुकान. गर्दी तुफान, बाहेर सहा-सात हेडांची रांग. मालकाने हेड उचललं, एक डोळा मिटून बंदुकीसारखं नेम धरून बघितलं आणि म्हणाला, "दहा थाऊ काढतो, संध्याकाळी या." काकांनी सांगितल्याप्रमाणे गप्प उभा राहिलो. पट्टी निघाली नाही. मीच विचारलं, मोजणार नाही का? म्हणाला, "कापल्यावर सपाट होणारच आहे, मोजायचं काय?" आठशे रुपये. माणूस वाईट नव्हता, चहा पाजला.

दुसरं दुकान चकाचक. काचेआड नवं मशीन, भिंतीवर प्रमाणपत्रं. काउंटरवरच्या मुलाने अर्ज भरून घेतला, पण काम करणाऱ्याशी बोलू देईना. "आत प्रवेश नाही." कॅमचं विचारलं तर म्हणाला, "तुम्ही फेसिंगला टिक केलंय, कॅमचा कॉलम वेगळा." मशीन पाहून मी भुललो होतो हे कबूल करतो. अर्धं मन तिथेच ठेवून बाहेर आलो.

तिसरं फोंड्याकडचं. पत्र्याची शेड, साठीचा माणूस आणि एक पोरगा. हेड ठेवल्यावर त्याने पहिल्यांदा विचारलं, "कुठे तापलं? किती वेळ चालवलं?" मी चोर्ल्याची कथा सांगितली, टपरीसकट. मग तळाला चिकटलेलं गॅस्केट प्लास्टिकच्या पात्याने खरवडलं, पट्टी ठेवली आणि आकडे ओरडायला लागला. पोरगा खडूने भिंतीवर लिहीत होता. मध्यभागी ०.१८. कडांना ०.१५. एक कर्ण ०.२०. एक्झॉस्टच्या बाजूला ०.०८. मग कॅम सरकवला. दोन भोकं पार केली आणि मध्ये अडला.

म्हणाला, "हे मी असं कापणार नाही. हवं तर दुसरीकडे कापून घ्या."

नंतर पितळी रॉडने प्रत्येक वॉल्व्ह सीटवर, म्हणजे वॉल्व्ह टेकतो त्या कडीवर, टिचकी मारली. पाच खणखणीत वाजल्या, एक भद्द. "ही सैल झालीये. चालत्या इंजिनात सुटली असती तर पिस्टनसकट गेलं असतं." पहिल्या दोन्ही ठिकाणी हे कुणी पाहिलं नव्हतं.

हेड तिथे ठेवून आलो. बरोबर केलं ना?

लेथमागचा | १९ जुलै, रात्री १०:५०

डोळे मिटून ठेव तिथे. खडूचा माणूस आहे तो.

प्राची_फोंडा | २० जुलै, दुपारी १२:०५

मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवते, म्हणून दोन गोष्टींची भर.

मशीन नवं की जुनं याने फारसं बिघडत नाही, पण त्यावर काय लावून कापतात याने बिघडतं. दगडाने ग्राइंड केलं तर अ‍ॅल्युमिनियम दगडाच्या छिद्रांत बसतं आणि पृष्ठभाग ओढल्यासारखा होतो. कटरने, एकाच पासमध्ये, बारीक फीडने कापलेला बरा. बोटाचं नख फिरवून बघा, ग्रामोफोनच्या तबकडीसारखं लागलं तर खरबरीत आहे. जुन्या पद्धतीच्या मऊ गॅस्केटला थोडा खरबरीतपणा चालतो, किंबहुना लागतो. हल्लीच्या बहुपदरी पोलादी गॅस्केटला मात्र जवळजवळ आरशासारखा तळ हवा. तेव्हा गॅस्केट आधी विकत घ्या आणि हेडबरोबर दुकानात द्या. कोणतं बसणार हे कापणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.

दुसरं, तडा. बिडाच्या हेडमधला तडा चुंबक आणि लोखंडी भुकटीने दिसतो. अ‍ॅल्युमिनियमला चुंबकाचं काही घेणं नाही, त्यामुळे इथे रंग झिरपवण्याची पद्धत लागते. लाल रंग फवारायचा, थांबायचं, पुसायचा, वर पांढरी डेव्हलपर मारायची. तड्यात शिरलेला रंग पांढऱ्यावर केसासारखा उमटतो. दोन सीटच्या मधला पूल आणि स्पार्क प्लगच्या भोकाची कड, या जागा नीट बघायच्या. त्यानंतर पाण्याच्या वाटा बंद करून आत हवेचा दाब द्यायचा आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. गरम पाणी यासाठी की काही तडे गार असताना मिटलेले असतात. हे सगळं बाक काढण्याच्या आधी. तडा निघाला तर पुढचा खर्च वाचतो.

बांद्याचा_बाबू | २० जुलै, दुपारी ३:३०

प्राचीताई, बाक काढणार म्हणजे नेमकं काय? प्रेसखाली दाबणार?

प्राची_फोंडा | २० जुलै, सायंकाळी ५:१५

गार हेड प्रेसखाली दाबलं तर मोडेल. जाड पोलादी प्लेट घेतात. हेडच्या दोन्ही टोकांखाली पातळ पत्र्याचे तुकडे ठेवतात आणि मधला भाग बोल्टने प्लेटकडे खेचतात, म्हणजे जिकडे बाक आहे त्याच्या उलट. तसंच्या तसं भट्टीत २२०-२३० अंशांपर्यंत काही तास तापवायचं आणि भट्टीतच हळूहळू गार होऊ द्यायचं. धातू शिथिल होतो आणि नव्या आकारात बसतो.

पण फुकट काहीच नसतं. हे मिश्रधातू उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेले असतात आणि जास्त तापवले की मऊ पडतात. तुमचं हेड घाटात एकदा तापलेलंच आहे. म्हणून आधी आणि नंतर कडकपणा मोजून घ्या. फार मऊ झालं असेल तर बोल्टच्या वॉशरखाली धातू दबत राहील आणि कितीही आवळलं तरी ताण टिकणार नाही. तसं निघालं तर दाणादाण यांचं भंगारातलं हेड, अर्थात मोजून.

दाणादाण | २० जुलै, सायंकाळी ५:२१

नोंद घेतली गेली आहे. :)

केरीचा_ओम्नीवाला | ६ ऑगस्ट, रात्री ९:५५

उशीर झाला. पाऊस, वीज आणि भट्टी या तिघांचं जमत नव्हतं. त्याच्याकडे स्वतःची भट्टी नाही. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एक पावडर कोटिंगवाला ओळखीचा, त्याचं काम संपल्यावर रात्री भट्टी मिळते. दोनदा वीज गेली, तिसऱ्या रात्री जमलं.

तडा नाही. कडकपणा एका टूलरूममध्ये नेऊन आधी-नंतर तपासला, थोडा उतरलाय पण चालेल म्हणाले. ०.१८ चं ०.०४ झालं. कॅम दोन बोटांनी फिरतो, मी स्वतः फिरवून बघितला. तेवढ्यासाठी तासभर बस बदलत गेलो होतो.

सैल सीट काढून किंचित मोठ्या मापाची नवी बसवली. हेड गरम, सीट बर्फाच्या पेटीतून काढलेली, हाताने सोडली तरी खाली बसली आणि दोन मिनिटांत तिने हेडला असं धरलं की आता हलायचं नाव नाही. गाईड एक्झॉस्टचे तिन्ही बदलले. सीट तीन कोनांत कापल्या. वॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवलं, सकाळपर्यंत थेंब नाही. शेवटी तळाचा फेस, तोही जेमतेम डाग जाईपर्यंत. भिंतीवर सगळे आकडे अजून आहेत, फोटो काढलाय.

बिल पहिल्या दुकानाच्या सातपट. दाणादाण यांनी हसू नये.

लेथमागचा | ६ ऑगस्ट, रात्री १०:३०

आता बसवताना घाण करू नका. ब्लॉकचा तळही त्याच पट्टीने मोजायला सांग, बीड असलं म्हणून काय झालं. बोल्टांची भोकं फुंकून कोरडी करायची. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट पिचकारीसारखा दाब देतो आणि ब्लॉक फुटतो. टॉर्क रेंचने, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. "मला हाताचा अंदाज आहे" म्हणणाऱ्या मेस्त्रीच्या हातातून पान्हा काढून घे. ब्लॉकवर पॉलिश पेपर मारू देऊ नकोस, ती भुकटी तेलात जाऊन बेअरिंग खाते. दुधाळ झालेलं तेल आणि फिल्टर काढून टाक, हजारेक किलोमीटरला परत एकदा.

आणि कूलंट घाल रे बाबा. "गोव्यात कुठे बर्फ पडतो" म्हणून लोक विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी ओततात. किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी खारं, ते अ‍ॅल्युमिनियम आतून कुरतडतं. कूलंट गंजासाठी आहे, बर्फासाठी नाही.

केरीचा_ओम्नीवाला | २३ ऑगस्ट, रात्री ८:२०

गाडी रस्त्यावर. काल मुद्दाम चोर्ला चढलो, बुवांना घेऊन, पखवाजासकट. काटा अर्ध्याच्या खाली, हलला नाही. टपरीवर थांबून चहा घेतला, यावेळी स्वतःच्या मर्जीने.

मांडवीकाठी | २३ ऑगस्ट, रात्री ८:३१

अभिनंदन! दुकानाचं नाव?

केरीचा_ओम्नीवाला | २३ ऑगस्ट, रात्री ८:४०

माणसाने नाव जाहीर लिहू नका म्हणून सांगितलंय, गर्दी झाली तर मोजायला वेळ मिळणार नाही म्हणतो. ज्यांना खरंच काम आहे त्यांनी व्यनि करा.

दाणादाण | २३ ऑगस्ट, रात्री ११:५८

व्यनि केलाय. तो भंगारातली हेडंही मोजून देतो का? माझ्याकडे दोन पडून आहेत.

केरीचा_ओम्नीवाला | २४ ऑगस्ट, सकाळी ७:०२

देतो. दोन्ही घेऊन जा. जाताना खडूची पेटी न्या, त्याचा संपत आलाय.